अ‍ॅल्युमिनियमलाही रंग असतो

ईद जवळ आली की नगरच्या बाजारातल्या मिठाईच्या दुकानांत वर्खाची चमक वाढते. बर्फी, काजूकतली, लग्नातला जर्दा, गोड पान, सगळ्यांवर चांदीचा वर्ख. घरातल्या बायका दुकानदाराला हमखास विचारतात, "भाई, वर्ख असली आहे ना?" आणि दुकानदारही हमखास "एकदम असली" म्हणतो. ही शंका उगाच नसते. चांदी महाग, अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, आणि दोघांची चमक डोळ्यांना जवळजवळ सारखीच. म्हणून चांदीच्या नावाखाली अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा खपवण्याचा मोह होतो. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे खाण्याच्या वर्खात चांदीच हवी, आणि तीही हजारात ९९९ भाग शुद्ध.

ओळखण्याची रीत सोपी आहे. वर्खाचा तुकडा दोन बोटांत चोळा. चांदीचा असेल तर भुगा होऊन नाहीसा होतो, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याचे बारीक तुकडे पडतात. दुसरी रीत जाळून बघण्याची, पण ती मोठ्या माणसांनीच करावी. चांदीचा वर्ख आकसून पांढरा चकचकीत मणी उरतो, अ‍ॅल्युमिनियमची काळपट राख होते.

आम्ही दोघी एकाच उर्दू शाळेत शिकवतो. एकीकडे विज्ञान आणि गणित, दुसरीकडे उर्दू आणि मराठी. विज्ञानाच्या तासाला शब्द अडला की भाषेची आपा लागते, आणि भाषेच्या तासाला 'जर्रा' म्हणजे नेमका केवढा असे कोणी विचारले की विज्ञानाची आपा लागते. म्हणून या लेखात 'आम्ही' म्हणजे दोघी. वर्खाची ही गोष्ट दहावीच्या वर्गात निघाली ती साध्या गणितासाठी. पुढे ती बरीच लांब गेली.

नियमात वर्खाचे वजन चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत सांगितले आहे. चांदीची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १०.५ ग्रॅम. मुलींनी फळ्यावर भागाकार केला. २.८ भागिले १०.५ म्हणजे ०.२६७ घन सेंटिमीटर चांदी, आणि ती १०,००० चौरस सेंटिमीटरवर पसरलेली. म्हणजे जाडी ०.००००२६७ सेंटिमीटर. शून्ये मोजता मोजता वर्गात गोंधळ झाला, तेव्हा नॅनोमीटर हे माप कामाला आले. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. वर्खाची जाडी निघाली सुमारे २६७ नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीचा साधारण तीनशेवा भाग. डब्यात पोळी गुंडाळायची फॉइल ११ मायक्रॉनची धरली तर ती वर्खाच्या चाळीसपट जाड. हिरव्या प्रकाशाच्या एका लहरीची लांबी सुमारे ५३० नॅनोमीटर असते. वर्ख तिच्या निम्म्याइतकाच.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. वर्ख अजून बारीक केला, त्याचे अगदी जर्रे केले, तर चमक उरते का?

याचे उत्तर शोधणारा पहिला मोठा माणूस मायकेल फॅरडे. विजेच्या धड्यातला तोच फॅरडे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने सोन्याचा वर्ख प्रकाशासमोर धरून पाहिला. पलीकडून येणारा प्रकाश हिरवट होता. मग सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात फॉस्फरस वापरून त्याने सोने इतके बारीक केले की ते पाण्यात तरंगत राहिले. ते पाणी पिवळे झाले नाही, माणकासारखे लाल झाले. १८५७ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच्या काही बाटल्या आजही तिथे जपून ठेवल्या आहेत. त्या लाल रंगाचे नीट गणित जर्मनीच्या गुस्ताव मी या शास्त्रज्ञाने १९०८ साली मांडले.

हे लाल सोने आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कोरोनाच्या काळात घराघरांत ज्या पट्टीकडे श्वास रोखून बघत बसलो, तिच्यावर उमटणारी लालसर रेघ अनेक किटांमध्ये सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. गर्भधारणा तपासण्याच्या पट्टीतही पुष्कळदा तेच. त्या रेघेत रंग म्हणून वेगळे काही घातलेले नसते. सोनेच इतके लहान असते की लाल दिसते.

असे का होते, हे सांगायला आम्ही बादली घेतली. उन्हाळ्यात टँकरवरून पाणी आणणाऱ्या नगर जिल्ह्यातल्या मुलींना हे वेगळे शिकवावे लागत नाही. अर्धी भरलेली बादली घेऊन चालताना पाणी हिंदकळते. पावलांचा ठेका आणि पाण्याच्या हिंदकळण्याचा ठेका जुळला की पाणी काठावरून बाहेर पडते. चाल थोडी बदलली की पुन्हा शांत. पाठ्यपुस्तकात याला अनुनाद म्हणतात.

धातूमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात. एखाद्या अणूला बांधलेले नसतात, भांड्यातल्या पाण्यासारखे सगळीकडे फिरतात. प्रकाश ही लहर. ती कणावरून जाताना या इलेक्ट्रॉनांना कधी या बाजूला, कधी त्या बाजूला ढकलते. हिरव्या प्रकाशात ही ढकलाढकल सेकंदाला पाचशे लाख कोटींहून जास्त वेळा होते. कण लहरीपेक्षा खूप लहान असेल तर त्यातले सगळे मोकळे इलेक्ट्रॉन एकदम, एका तालात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हिंदकळतात. प्रकाशाचा ठेका त्यांच्या ठेक्याशी जुळला की तो प्रकाश कण गिळून टाकतो किंवा इकडेतिकडे फेकतो. शास्त्राच्या भाषेत हा पृष्ठीय प्लाझमॉन अनुनाद.

सोन्याच्या छोट्या गोल कणांचा ठेका ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा गेला, म्हणून उरलेले लाल दिसते. चांदीचा ठेका ४०० नॅनोमीटरजवळ, जांभळ्याशी जुळतो. जांभळा गेला, म्हणून चांदीचे पाणी पिवळे दिसते. मुलींना याची मोठी गंमत वाटली. बारीक केले की सोने लाल आणि चांदी पिवळी!

कारण ठाऊक नसताना कारागिरांनी हे हाताने साधले होते. नवव्या शतकात, अब्बासी काळात, इराकच्या कुंभारांनी मातीच्या भांड्यांवर सोन्यासारखी झळाळी आणण्याची युक्ती काढली. चांदी आणि तांब्याचे क्षार मातीत कालवून ते लकाकीच्या भांड्यावर लावायचे आणि धुराच्या, कमी हवेच्या भट्टीत पुन्हा भाजायचे. आजच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या भांड्यांचे तुकडे पाहिले तेव्हा लकाकीच्या थरात चांदीचे आणि तांब्याचे नॅनोकण सापडले. ट्युनिशियातल्या कैरवानच्या जामा मशिदीत मेहराबीभोवती त्या काळच्या अशाच फरशा आहेत. काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली या कामाची रीत लिहूनही ठेवली. सोने न वापरता सोन्याची झळाळी, हे त्या कारागिरांचे इल्म.

इथे मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "आपा, सोने झाले, चांदी झाली. जर्मनला हे जमत नाही का?"

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना अजूनही 'जर्मन'ची भांडी म्हणतात. वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या मुलीच्या वडिलांचा भंगाराचा धंदा आहे. गल्लोगल्ली हातगाडी फिरवून ते जुनी पातेली, देगच्या, तारा, थंड पेयांचे डबे गोळा करतात. तिच्या घरात सोने-चांदीपेक्षा जर्मनच जास्त येते. तिचा प्रश्न तिच्या अंगणातला होता.

आम्ही दोन दिवस मागून घेतले आणि वाचून काढले. उत्तर असे की जर्मनला जमते, पण त्याचा ठेका फार जलद आहे. सोने आणि चांदी यांचा प्रत्येक अणू एकेक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो, अ‍ॅल्युमिनियमचा अणू तीन सोडतो. इलेक्ट्रॉनांची गर्दी जितकी दाट, तितके हिंदकळणे जलद. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या अगदी लहान कणांचा ठेका अतिनील किरणांशी जुळतो. ते किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमलाही रंग आहे, आपल्याला तो दिसत नाही इतकेच.

आणि न दिसणारा हा रंग फुकट जात नाही. आपल्या शरीरातला डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपासचे, तर अनेक प्रथिने २८० च्या आसपासचे अतिनील किरण शोषतात. तिथे सोन्याचा ठेका पोचत नाही, अ‍ॅल्युमिनियमचा पोचतो. म्हणून असे रेणू अगदी थोड्या प्रमाणात असले तरी ओळखता यावेत यासाठी शास्त्रज्ञ अ‍ॅल्युमिनियमच्या कणांकडे वळले आहेत.

डोळ्यांना दिसेल असा रंगही त्यातून काढता येतो. छोट्या वाटीतले पाणी भराभर हिंदकळते, परातीतले सावकाश. तसेच कण मोठा केला, चपटा केला, कांडीसारखा लांब केला की ठेका मंद होतो आणि अतिनीलमधून निळ्याकडे, हिरव्याकडे, लालकडे सरकतो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नेओमी हालास यांच्या गटाने २०१४ साली अ‍ॅल्युमिनियमच्या नॅनोकांड्या मांडून पडद्यावर लागणारे निळे, हिरवे, लाल ठिपके तयार केले. त्याच वर्षी सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी शाईचा थेंबही न वापरता अ‍ॅल्युमिनियमच्या नॅनोरचनांतून रंगीत चित्र छापून दाखवले. धातू एकच, आकार बदलला की रंग बदलला.

एक अडचण मात्र उरते, आणि ती स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. जर्मनच्या पातेल्यात चिंचेचे सार केले की पातेले आतून उजळते, सोडा पडला की काळे होते. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा पातळ थर कायम बसलेला असतो. आंबट पदार्थ तो थर विरघळवतो. थर गेला की धातू लगेच नवा थर चढवतो. याच थरामुळे अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही. थराची जाडी फक्त २ ते ४ नॅनोमीटर. पातेल्याला त्याने काही फरक पडत नाही. पण कणच २० नॅनोमीटरचा असेल तर? ३ नॅनोमीटरचा थर सगळीकडून धरला तर आत धातू उरतो १४ नॅनोमीटरचा. घनफळ काढले तर जेमतेम एक तृतीयांश. उरलेला दोन तृतीयांश कण ऑक्साइड होऊन बसतो आणि ऑक्साइडात मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे कण फार लहान करून चालत नाही. राइस विद्यापीठाच्या त्याच गटाने ७० ते २२० नॅनोमीटरचे एकसारखे कण तयार केले, तेही हवा आणि ओल दूर ठेवून. घरी कोणी हा उद्योग करू नये. अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड हवेत भडकून पेट घेते.

दहावीचा निकाल लागला. त्या मुलीला विज्ञानात चांगले गुण होते. आम्हाला कळले की तिला पुढे शिकवायचे नाही असे घरी ठरते आहे. आम्ही तिच्या घरी गेलो. वडील अंगणात बसून माल वेगळा करत होते. आमच्यासाठी खुर्च्या आल्या, चहा आला. ते अदबीने, पण स्पष्ट बोलले. "आपा, सायन्स म्हणजे खर्च. कॉलेज लांब, येण्याजाण्याची काळजी. आणि शेवटी तिथे आमच्यासारख्यांचे काय काम? ते मोठ्या लोकांचे इल्म आहे."

त्यांना पटवायला आम्ही काही जुळवून नेले नव्हते. मुलगीच बोलली. ती वर्गात झालेले ऑक्साइडचे गणित अब्बांना सांगू लागली. वडील ऐकत राहिले आणि मध्येच म्हणाले, "ही तर घट झाली." मग ते आम्हाला सांगू लागले. जाड पातेले भट्टीत टाकले तर जवळजवळ तेवढाच माल परत मिळतो. पण फॉइल, पातळ पत्रा, बारीक कीस टाकला तर वर मळीच जास्त येते. म्हणून भट्टीवाला पातळ मालाला भाव कमी देतो. कितीही घासून-पुसून नेला तरी घट ठरलेलीच.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ती मळी म्हणजे ऑक्साइडच. पातळ मालाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ऑक्साइड जास्त, म्हणून घट जास्त. आमच्या फळ्यावर २० नॅनोमीटरच्या कणाचा दोन तृतीयांश भाग ज्या नियमाने गेला, त्याच नियमाने या माणसाचे पैसे रोज जात होते. आम्ही ते पुस्तकातून शिकलो, त्यांनी वजनकाट्यावर. "भाई, तुमच्या मुलीने वर्गात जे विचारले, ते शोधणारे शास्त्रज्ञ याच घटीपाशी अडले आहेत," असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मग आम्ही त्यांना पुण्याची गोष्ट सांगितली. नगरहून पुणे एसटीने सुमारे १२० किलोमीटर. तिथे पाषाण रस्त्यावर १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. या शतकाच्या सुरुवातीला तिथे डॉ. मुरली शास्त्री आणि डॉ. अबसार अहमद यांनी नॅनोकणांवर असे काम केले की जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा उल्लेख होतो. त्यांनी फ्युसेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ठेवली. बुरशीने क्षारातून चांदीचे नॅनोकण तयार केले आणि पाणी तपकिरी झाले. २००३ साली हे काम प्रसिद्ध झाले. तो तपकिरी रंग म्हणजे चांदीच्या इलेक्ट्रॉनांचा ठेका जुळल्याची खूण. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही बुरशी वेगळ्या नावाने माहीत आहे. हरभऱ्यात 'मर' लागते ती याच जातीच्या बुरशीमुळे. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मर सहन करणारा 'विजय'सारखा हरभरा काढला तो तिच्याचमुळे. जी बुरशी शेतात पीक वाळवते, तिनेच प्रयोगशाळेत चांदी घडवली.

पुढच्या वर्षी त्याच गटाने गवती चहाच्या पानांच्या काढ्यातून सोन्याचे त्रिकोणी कण तयार केले. नंतर याच प्रयोगशाळेत चिंचेचा पाला, कडुलिंब आणि आवळाही वापरून झाला. यातले काय आपल्या अंगणात नाही? अ‍ॅल्युमिनियम मात्र असे पानांच्या काढ्यातून मिळत नाही, ते ऑक्सिजनला इतके घट्ट धरून बसते. त्यासाठी वेगळी, कोरडी रसायनविद्या लागते. ते काम अजून बरेच बाकी आहे, आणि ते कोणी तरी करायचेच आहे.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "एक वर्ष बघू." मुलीची अम्मी दाराआडून सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "एक नाही, दोन. बारावीपर्यंत." तिथे विषय संपला.

आता ती अकरावी विज्ञानाला आहे. सकाळच्या बसने जाते. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात हरित रसायन आणि नॅनो-रसायनाचे एक प्रकरण आहे. ते तिने आत्ताच उसने आणून वाचले. पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. फी आहे, प्रवास आहे, आणि घरी स्थळाची चर्चाही अधूनमधून निघते. आम्ही दर महिन्याला एकदा चौकशी करतो, एवढेच आमच्या हातात.

या मासिकाच्या वाचक भगिनींना आणि बांधवांना आमचे सांगणे एवढेच. घरात दहावीची मुलगी असेल आणि ती पातेल्याबद्दल, वर्खाबद्दल, मेंदीच्या रंगाबद्दल किंवा शेतातल्या मर रोगाबद्दल काही विचारत असेल, तर 'हे आपले काम नाही' असे म्हणू नका. दीडशे वर्षांपूर्वी अ‍ॅल्युमिनियम मौल्यवान धातूंत मोजले जाई. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर ते मानाने बसवले. दोनच वर्षांनी, १८८६ साली, विजेच्या साहाय्याने ते काढण्याची स्वस्त रीत सापडली आणि ते आपल्या चुलीपर्यंत आले. भाव पडला म्हणून त्याचे गुण कमी झाले नाहीत. त्याच्याजवळचा रंग तेव्हाही होता, आजही आहे. तो पाहायला योग्य प्रकाश आणि शिकलेला डोळा लागतो. तुमच्या गावातून कॉलेजची बस किती वाजता सुटते, तेवढी चौकशी या महिन्यात करून ठेवा.